पगारी मुलगा

हिवाळ्यातलं ऊन तुर्कस्तानातल्या क्युताह्या शहराच्या त्या गल्लीत उशिरा उतरत असे. आधी मशिदीच्या मनोऱ्याचं टोक किंचित गुलाबी होई. मग समोरच्या घराची कौलं उजळत. कितीतरी वेळ उजेड तिथंच रेंगाळे, जणू रस्ता ओलांडावा की नाही, हे त्याला ठरवता येत नसे. अखेर जाळीच्या पडद्यातून एक फिकट पट्टा आत येई आणि शेगडीच्या काळ्या पत्र्यावर टेके. तिथून तो भिंतीवर चढे. चुन्याच्या पोपड्यांवरून, वडिलांच्या फोटोच्या काचेवरून, औषधांच्या बाटल्यांमधून वाट काढीत, कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं, आईच्या रजईपर्यंत पोचे. वाहित नऊ वर्षं ही वाटचाल रोज पाहत आला होता. पट्टा रजईला लागला की आई जागी होते, असं तो समजे. खरं तर ती आधीच जागी असे आणि त्याच्याकडे पाहत पडलेली असे.

"आई, तरहानाचं सूप केलंय. पुदिना घातलाय, तुला आवडतो तसा."

आंबवून वाळवलेल्या दह्या-पिठाच्या त्या सुपाचा चमचा त्यानं पुढं केला. तिनं ओठ मिटून घेतले. तिनं अन्न नाकारल्याचा हा एकविसावा दिवस होता. पाण्याचे चार घोट, कधी साखरेचा चहा. बाकी काही नाही.

"वाहित," ती म्हणाली. अर्धं तोंड लुळं असलं तरी त्याला तिचा शब्दन् शब्द कळे. "तुझे कष्ट मला हलाल कर, बाळा."

जाणारं माणूस मागं राहणाऱ्यांकडून हे मागून घेतं. एकमेकांवरचे हक्क सोडले, म्हणजे हलाल केले, की वाट मोकळी होते. वाहित रोज ते टाळत होता.

"आधी सूप. मग बघू."

आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तो चिनी मातीच्या फरशांच्या कारखान्यात निळ्या वेली रंगवीत असे. अडतीस वर्षांचा, अविवाहित, अबोल. ताईचा संसार दुसऱ्या शहरात, एस्किशेहिरला. कुंचला ठेवून तोच घरी बसला. अशा रुग्णाची अहोरात्र सेवा करणाऱ्या नातलगाला सरकार दरमहा पगार देई. त्या पगारावर दोघांचं भागे. कॉफीखान्यात मात्र जुने सोबती विचारीत, "काय वाहित, साहेबीण कशी आहे? रजा-बिजा देते की नाही?" तो हसे आणि चहा अर्धा टाकून उठे. हळूहळू त्यानं तिकडे जाणंच सोडलं. त्या पगारातून म्हातारपणाचं निवृत्तिवेतन मात्र जमत नव्हतं. ही नऊ वर्षं सरकारदरबारी कुठल्याच नोकरीत धरली जात नव्हती. आईचा श्वास थांबेल त्या महिन्यात पगारही थांबणार होता. याचा विचार मनात आला की तो उठून भांडी घासायला घेई.

सकाळच्या बसनं मुअल्ला ताई आली. बूट दारात काढून सरळ आईच्या पायांशी बसली. दोघींनी हलकेच एकमेकींचे हक्क सोडले, रडल्या, आणि ताईनं आईचे केसही विंचरून दिले. किती सोपं होतं ते! वाहित दारातून पाहत होता.

स्वयंपाकघरात ताईनं चहाचे पेले विसळायला घेतले.

"तुझंच हलाल म्हणणं राहिलंय. ती तुझ्यासाठी अडकून पडलीय, वेड्या."

"गुरुवारी इस्पितळात नेतोय. पोटात नळी बसवतात. अन्न थेट आत जातं."

"डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"तो कालचा पोरगा! त्याला काय कळतं?"

"आणि आईला? तिला तरी विचारलंस?"

"तू सणाला येतेस, बकलाव्याची मिठाई ठेवतेस, जातेस. मला शिकवू नकोस!"

"हो, येते आणि जाते! मला कोण पगार देतं इथं बसायचा?"

बोलल्याबरोबर तिनं ओला हात तोंडावर ठेवला. दार उघडंच होतं.

वाहित आईच्या खोलीत गेला. तिनं ऐकलं होतं. चांगला हात रजईतून काढून तिनं त्याची बाही धरली.

"हलाल कर, वाहित. नऊ वर्षं... माझं सगळं तूच..."

त्याला एकदम सगळं आठवलं: कॉफीखान्यातलं हसू, ताईचं वाक्य, सुकून गेलेले रंग. त्याला म्हणायचं होतं की तू माझं काहीच देणं लागत नाहीस, आई. तोंडून निघालं ते असं:

"कसले कष्ट? मी पगार घेतलाय. पगारी माणसाचा कसला आलाय हक्क, की तो मी सोडू?"

आईनं बाही सोडली. मग एकेक शब्द जुळवीत म्हणाली,

"माझ्या दुधाचा पगार मला कुणी दिला नव्हता. तो हक्क माझा आहे. तो मी सोडला. हलाल असो."

आणि तिनं डोळे मिटले.

दुपार झाली तशी ती हाकेला ओ देईनाशी झाली. श्वास चालू होता, लांब आणि खरखरीत. वाहित गुडघ्यांवर बसला, तिच्या कानाशी वाकला आणि रीतीप्रमाणे तीनदा म्हणाला, "हलाल असो, आई. हलाल असो. हलाल असो." पापणीही हलली नाही. चौथ्यांदा तो मोठ्यानं म्हणाला. पाचव्यांदा ओरडला. ताईनं येऊन त्याचे खांदे धरले.

"पुरे. ती आता ऐकत नाही रे."

"रुग्णवाहिका बोलाव. आजच नेऊ. आजच बसवतील नळी."

ताईनं फोन उचलला, पण क्रमांक लावला नाही.

"बोलावते. तू म्हणशील तर आत्ता बोलावते. फक्त एक सांग. हे तिच्यासाठी ना?"

'हो' हा शब्द जिभेवर तयारच होता. तीन आठवडे तो डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, स्वतःला तोच सांगत आला होता. त्यानं आईच्या घट्ट मिटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यासाठी."