दगड हलला तेव्हा

“भाऊजी, तो दगड हलतोय!”

मिआली ओरडली तशी रानफळं वेचणाऱ्या चारही बायकांचे हात थांबले. टेकाडावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पित्सिउलाकने वळून पाहिलं. खाडीकडच्या पांढुरक्या खडकांवरून त्याची नजर मघापासून तीनदा फिरली होती. आता त्यातल्याच एका खडकाला मान फुटली. पांढरं अस्वल होतं.

“माझ्या मागे या. पळायचं नाही,” तो म्हणाला.

एकतीस वर्षं तो गावाचा पहारेकरी होता. बायका फळं वेचायला जावोत की शाळेची मुलं तंबू ठोकायला, पित्सिउलाक बंदूक घेऊन बरोबर असायचाच. इतक्या वर्षांत त्याने एकही अस्वल मारलं नव्हतं.

त्याने हवेत बार काढला. अस्वल थबकलं, त्याने हवा हुंगली आणि ते पुन्हा चालू लागलं. यंदा समुद्रावरचं बर्फ लवकर वितळून त्याची शिकार थांबली होती, भुकेने त्याच्या कमरेची हाडं वर आली होती. पित्सिउलाकने बंदूक खांद्याला लावली. छातीवर नेम धरायचा, हे त्याने गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलं होतं. पण छाती कुठली तेच त्याला दिसेना. समोर नुसता पांढरा धुरकट डाग सरकत होता.

त्याने डागाच्या पुढे, जमिनीवर गोळी झाडली. खडी उसळून अस्वलाच्या तोंडावर बसली. ते फुसफुसलं, वळलं आणि किनाऱ्याकडे निघून गेलं.

“काय बाई धीर!” एकजण म्हणाली. “दुसरा असता तर केव्हाच लोळवलं असतं.”

“जाऊबाईंना सांगते, आज सीलच्या मांसाचा मोठा तुकडा वाढा म्हणून,” मिआली म्हणाली. सगळ्या हसल्या. तोही हसला.

परतताना त्या चौघींतलीच त्याची पुतणी उलुरिआक त्याला चारचाकी बाईकवर घेऊन निघाली.

“काका, इतकं जवळ का येऊ दिलंत?”

“दिसलं नाही मला.”

तिने बाईक थांबवली. मग हळूच म्हणाली, “मी नाही सांगणार कुणाला.”

“मी सांगणार आहे. शिकारी मंडळाच्या कचेरीकडे घे.”

नजर अधू झाल्याचं ऐकून कचेरीतला माणूस चकित झाला. “अहो, पुढे आलेल्या बायकांनी सांगितल्यापासून सगळं गाव तुमचं कौतुक करतंय!”

“म्हणूनच आज आलो. उद्या जीभ वळली नसती.” पित्सिउलाकने पहारेकऱ्याचं नारिंगी जाकीट काढलं, नीट घडी करून टेबलावर ठेवलं. “हिला द्या. हिची नजर चांगली आहे.”

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मिआलीने हट्टाने त्यालाही रानात नेलं. टेकाडावर उलुरिआक उभी होती. बायकांबरोबर तो गुडघे टेकून बसला, पण वारा जरा सळसळला की त्याची मान वर व्हायची.

“खाली बघा भाऊजी, कच्ची तोडताय,” मिआली म्हणाली.

त्याने मान खाली घातली आणि बोटांनी चाचपत पिकलेली तेवढी तोडू लागला.