चहाच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चिलीतल्या वालपराइसो या बंदराच्या गावी, चढावरच्या एका घरात मी माझ्या मालकिणीची, एदेल्मिराची, चहापत्ती सांभाळायचो. संध्याकाळी टेबलावर पाव आला की माझं झाकण उघडायचं. "एदेल्मिराचा चहा म्हणजे चहा!" असं शेजारीण सुलेमा म्हणायची, आणि मी उगाच फुगायचो.

मग बंदरात ओझं उचलताना एदेल्मिराच्या नवऱ्याची, ओस्वाल्दोची, पाठ गेली. डॉक्टरांनी दुखण्यावर दिवसाला दोन गोळ्या सांगितल्या. हा बाबा वाइनबरोबर सहा-सहा घ्यायचा आणि तिला मारायचा. खरं सांगू? हात तो आधीही उचलायचा. गोळ्यांचं आयतं निमित्त मिळालं.

आमच्या गल्लीत झोपेची गोळीसुद्धा साखरेसारखी उसनी मिळते. रडणं ऐकू आलं की दुसऱ्या दिवशी शेजारणी कात्रीने पाकिटातली एकेक गोळी कापून आणायच्या. "घे गं, जिवाला बरं वाटेल." तो मारत असताना दार मात्र कुणी वाजवलं नाही. माझ्यातला चहा गेला, गोळ्या साठल्या. एदेल्मिरा आधी दोन, मग चार घेऊ लागली. दिवसभर गुंगीत असायची. थकलो हो मी बघून बघून!

एका दुपारी त्याने मलाच तिच्यावर फेकलं. तिने हात आडवा घातला, हाड मोडलं. दाराची कडी चार पावलांवर होती, पण गोळ्यांच्या गुंगीत तिचे पाय उचलेनात. माझ्या अंगावरचा हा पोचा तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर पडताच सुलेमा आली, मुठीत गोळी.

"सात वर्षं गोळ्या आणतेयस," एदेल्मिरा म्हणाली. "एकदा तरी दार वाजवायचंस गं!"

"मला वाटायचं, नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा."

"मग आता पड."

सुलेमाने गोळी खिशात टाकली, मला पिशवीत घातलं आणि तिला आधार देत आधी दवाखान्यात, मग चौकीवर नेलं.

हल्ली आम्ही सुलेमाकडे राहतो; ओस्वाल्दोला तिच्याजवळ फिरकायची पोलिसांनी बंदी घातलीय. नर्स एदेल्मिराच्या गोळ्या हळूहळू कमी करतेय. काही दिवस बरे जातात, काही नाही. माझ्यात पुन्हा चहा आहे. त्याला औषधाचा वास येतो, तरी दोघी पितात.

मित्रांनो, शेजारून कुणाचं ओरडणं ऐकू आलं तर घरातल्या मोठ्यांना उठवा, दार वाजवायला लावा. दुसऱ्या दिवशी नको. तेव्हाच.