सहदेवरावांची हजेरी

मी एक पासवर्ड बोलतोय, आणि शपथेवर सांगतो, यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. आता पोटात गुपित ठेवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या शपथेला काय अर्थ, असं म्हणाल तर तेही खरंच.

२००६ साली राजापेठेतल्या एका सर्वेक्षण कार्यालयात सहदेवरावांनी मला घडवलं. तेल्हाऱ्याच्या घरच्या बकरीचं नाव आणि पुढं दोन आकडे, एवढाच माझा देह. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्या घरांचे फॉर्म आमच्याकडे यायचे. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून त्यांचे तक्ते निघायचे. त्या सॉफ्टवेअरला इंटरनेटवर जायचं, तर फाटकावर प्रॉक्सी नावाचा पहारेकरी नाव आणि पासवर्ड विचारायचा. रोज कोण टाइप करणार, म्हणून सॉफ्टवेअर सुरू होताना जी फाइल आधी वाचतं, तिच्यात सहदेवरावांनी मला उघडंच लिहून ठेवलं.

दिवाळीनंतर सहदेवराव अकोल्याच्या एसटीत बसल्या जागी गेले. मी राहिलो. सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू झाला की पहारेकरी विचारायचा, कोण? मी म्हणायचो, सहदेव. तो म्हणायचा, या, आणि नाव, वेळ नोंदीत टिपायचा; तीच नोंद वर हजेरी म्हणून जायची. त्यांच्या खुर्चीवरचा पंचा कोणी हलवला नव्हता, खुर्चीत कोणी बसत नव्हतं; पण त्यांच्या नावानं अख्खं ऑफिस फाटकाबाहेर ये-जा करत होतं.

मग त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, नवऱ्याच्या जागी नोकरीसाठी अर्ज केला. वरच्या कार्यालयातून तो परत आला. नोंदीप्रमाणे सदर कर्मचारी रोज दहा वाजता कामावर हजर आहे, असा शेरा.

तो कागद घेऊन त्या ऑफिसात आल्या. "त्यायची तेरवी होऊन दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "मंग हा कोन हजर होऊन राह्यला?"

मोठे बाबू देवमन पंख्याकडे पाहू लागले. तक्ते करणारी तहरीम उठली. तिनं पंचा घडी करून बाजूला ठेवला, त्या खुर्चीत बसली आणि माझी फाइल उघडली.

"भाऊ नाही येत, वहिनी," ती म्हणाली. "त्यायच्या नावानं आमी येतो. मी लिहून देतो तसं."

तुझी नोकरी जाईल, देवमनबाबू तिला हळूच म्हणाले.

"मग माझ्या नोकरीसाठी वहिनीची कावून अडवायची?"

भागीरथाबाईंनी वाकून मला वाचलं आणि हसल्या. बकरी बरी ध्यानात राह्यली, म्हणाल्या. तहरीमनं माझं शेवटून एकेक अक्षर खोडलं. दुसऱ्या दिवशी दहाला पहारेकऱ्यानं विचारलं, कोण? कोणीच बोललं नाही.

भागीरथाबाईंना नोकरी लागली. तहरीमची अंजनगाव सुर्जीला बदली झाली.

तुम्ही तुमचा पासवर्ड कुठं उघडा लिहून ठेवला असेल, तर आजच खोडा. तुम्ही गेल्यावर तो तुमच्या नावानं फिरत राहील, आणि त्याला तुम्ही गेल्याचं कोणी सांगणार नाही.

एक कबूल करतो. बकरीची गोष्ट मी रचली. सहदेवरावांकडे बकरी नव्हतीच, आणि भागीरथाबाई हसल्याही नव्हत्या. पडद्यावर बोट ठेवून खरी अक्षरं त्यांनी तीनदा वाचली. ती कोणती, ते सांगणार नाही. पासवर्ड आहे मी.