चोरीच्या कुलपाची किल्ली

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सातव्यांदा एंटर दाबलं आणि पडद्यावर सातव्यांदा तेच उमटलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: ‘ही प्रत चोरीची आहे. मूळ मालकाला विचारा.’

वाक्य माझंच. मूळ मालकही मीच.

टेबलापलीकडे चंद्राबाई बसल्या होत्या, दिवाळे गावच्या. त्यांची लेक अमिता पहाटे नेरुळच्या नर्सिंग होममध्ये बाळंत झाली. बाळ चांगलं, पण हिचा रक्तस्राव थांबेना. त्यात तिचा गट बॉम्बे. वरवर ‘ओ’सारखा दिसतो, पण ओचं रक्त दिलं तर माणूस दगावतो. हजारोंत एखाद्याचा असा गट. आमच्या बेलापूरच्या रक्तपेढीत त्याची बाटली कधीच नसते. असतात ती देणाऱ्यांची नावं. तशी तीन नावं आमच्याकडे होती, पण माझ्या प्रोग्रामच्या पोटात.

“सापरलं काय, बाय?” चंद्राबाईंनी विचारलं.

“बघते हं, मावशी.”

काय बघणार होते, कपाळ?

मी इथं टायपिस्ट म्हणून लागले. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं प्लास्टिकचं कव्हर धुवायचं काम माझ्याकडे आलं. कव्हर धुता धुता मी फॉक्सप्रो ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले, पुस्तकातून आणि चुकांमधून. दोन वर्षं घालून रक्तदात्यांचा प्रोग्राम लिहिला. मग एका लॅबवाल्यानं तो उचलला, सुरुवातीला माझं नाव होतं तिथं स्वतःचं घातलं आणि वर मलाच दाखवला, “बघा ताई, कसा झालाय?” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हा माझी भाची सई कॉम्प्युटरच्या क्लासमधून एक फ्लॉपी घेऊन आली. प्रोग्रामला कुलूप घालायचं साधन, नवी आवृत्ती. सोबत ‘नवीन काय’ असं लिहिलेलं झेरॉक्सचं पान. आधीच्या आवृत्तीत फक्त प्रोग्राम झाकला जायचा. आता तो एकाच हार्डडिस्कला बांधता येणार होता, आतली माहितीही कुलुपात घालता येणार होती, आणि चोराला दिसणारा मजकूरही आपण लिहायचा. दिवाळीचा फराळ करावा तसं मी एकेक कलम उरकत गेले. सगळ्यांवर खूण केली. दात्यांची जुनी कार्डं रद्दीत दिली, तीही मीच.

मंगळवारी हार्डडिस्क मेली. इंजिनिअरनं नवी बसवून फ्लॉप्यांवरून सगळं परत भरलं. फ्लॉप्यांवरची माहितीही कुलुपातलीच, मेलेल्या डिस्कच्या नंबरानं बंद केलेली. नव्या डिस्कवरची प्रत कुलुपाच्या लेखी चोरीची.

आमच्या पेढीच्या डॉक्टर सुचित्रा दारात आल्या. “शालनताई, नर्सिंग होममधून परत फोन होता. किती वेळ?”

मी आठव्यांदा एंटर दाबलं. पडद्यावरचं तेच वाक्य बघून त्या मुंबईतल्या रक्तपेढ्यांना फोन लावायला गेल्या.

“कुलूप लावलंय मी, मावशी,” मी चंद्राबाईंना म्हटलं. “उघडत नाहीये.”

“कोनासाठी लावलंस?”

“चोरांसाठी.”

“रगताची नावं कोन चोरतंय?” त्यांनी शांतपणे विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

झेरॉक्सवर शेवटचं कलम होतं. डिस्क बिघडल्यास नोंदणीकृत ग्राहकाला कंपनी फोनवर सुटकेचा कोड देईल. ते मला सकाळपासून माहीत होतं. पण मी नोंदणीकृत ग्राहक नव्हते. चोरांपासून वाचायला मी चोरीचं कुलूप आणलं होतं.

पुण्याला कंपनीत फोन लावला. पलीकडे अभिराम नावाचा कुणी होता, आवाजावरून पंचविशीतला.

“परवाना क्रमांक सांगा मॅडम.”

फ्लॉपीवरचा वाचून सांगितला. कागद चाळल्याचा आवाज आला.

“हा वाशीच्या विलास कॉम्प्युटर क्लासेसचा आहे. आपण तिथल्याच का?”

हो म्हणायचं होतं. जीभ उचललीही होती. पण त्यानं पुढं मालकाचं नाव विचारलं असतं, पत्ता विचारला असता, आणि मी अडखळले असते. अडखळायला आता वेळ नव्हता.

“नाही. माझ्याकडची प्रत चोरीची आहे,” मी म्हटलं. “मी रक्तपेढीतून बोलते. एक बाळंतीण आहे आणि तिला रक्त देणाऱ्यांची नावं आत अडकलीत. तक्रार उद्या करा. मी नाव-पत्ता देते, लिहून घ्या.”

चंद्राबाई ऐकत होत्या. दारातून डॉक्टर सुचित्राही.

“या परवान्यावर फोन करणाऱ्या तुम्ही एकविसाव्या,” तो म्हणाला. “थांबा, साहेबांना विचारतो.”

तो गेला. फोनवर पलीकडचा पंखा ऐकू येत होता. चार मिनिटं गेली. मी घड्याळाकडे बघत नव्हते, चंद्राबाई बघत होत्या.

“लिहून घ्या,” तो परत येऊन म्हणाला. “साहेब जेवायला गेलेत. मी विचारलं नाही.”

चोवीस अक्षरं. तो एकेक सांगत गेला, मी एकेक परत म्हणून दाखवलं. बारा चाळीसला यादी उघडली.

पहिला दाता बदली होऊन नागपूरला गेलेला. दुसऱ्याचा फोन वाजत राहिला. तिसरा शिवराम, जवळच्याच शिरवणे गावचा. नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकानदार म्हणाला, “आत्ता तर इथं साबण घेत होता,” आणि रिसीव्हर तसाच ठेवून हाका मारत गेला.

शिवराम पाऊण तासात आला, पायात स्लिपर, हातात साबणाची पिशवी. सगळ्या तपासण्या उरकून बाटली निघायला पावणेचार झाले. चंद्राबाई ती पदरात धरून रिक्षात बसल्या. मी बरोबर येऊ का, असं विचारलं. “नको,” म्हणाल्या. “तू त्या दुसऱ्याला फोन लावत बस.”

साडेपाचला नेरुळहून कळलं, रक्तस्राव आटोक्यात येतोय, अजून एक बाटली लागेल. दुसऱ्याचा फोन अजून कुणी उचलत नव्हतं.

डॉक्टर सुचित्रांनी वही पुढं केली. बाटली उशिरा दिली तर कारण लिहायचा एक रकाना असतो. “काय लिहू, तांत्रिक अडचण?” त्यांनी विचारलं.

मी पेन घेतलं. ‘यादी शालन यांनी बंद केली होती,’ असं लिहून खाली सही केली, आणि परत नंबर फिरवायला घेतला.