जनीच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी कळंबच्या जनीच्या घरातला एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी. झाकणावर गुलाब होता, दुकानात मिरवायचो. बिस्किटं संपली आणि जनीने मला गोळ्यांचा डबा केलं. कुणाच्या गोळ्या उरल्या, की पाकीट कात्रीने कापून ती माझ्यात टाकायची. शेजारणी मागायला आल्या, की तिला दोन, हिला दोन. कापता कापता गोळ्यांची नावंच निघून गेली. तरी आळीभर माझं कौतुक! मला मात्र धाकधूक असायची. पांढऱ्या गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक तापाची, दुसरी जनीच्या वारलेल्या सासूची, साखरेच्या आजाराची.

यंदा भाताची रोपं लावायच्या आवणीत जनीचा नवरा पदू तापाने फणफणला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. "मेडिकलात कशाला जायचा? घरात हाय ना गोळी," म्हणत जनीने माझं झाकण काढलं. तिची बोटं नेमकी सासूच्या गोळ्यांवर थांबली. अगं, ती नको! पण पत्र्याला कुठली वाचा?

काही वेळाने पदूला दरदरून घाम फुटला. जनी हरखून सुनेला म्हणाली, "बघ गं, ताप उतरला!"

माझा जीव टांगणीला लागला. सून भाविका जवळ आली. सासऱ्याचे हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. "आई, या काय तरी येगळाच हाय," ती म्हणाली आणि मला काखेत मारून नाक्यावरच्या मेडिकलकडे पळाली.

भाविकाचं ऐकत दुकानातल्या समिधाताईंनी माझ्यातला पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "यावर नाव कुठाय? घरात साखरेचं औषध कुणाला होतं?"

"आजीला."

"शुद्धीवर आहेत ना ते? मग घरी फोन लाव, लगेच साखरेचं पाणी पाजायला सांग. मी डॉक्टरांना बोलावते."

शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर भाविकाला गाडीवर घेऊन निघालेसुद्धा. मी काउंटरवरच राहिलो. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. पदूचं काय झालं, कुणी सांगेना. इतका घाबरलो मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भाविका आली. "रातभर दवाखान्यात ठेवला व्हता. आता पेज मागतान," म्हणताना तिला रडू फुटलं. समिधाताईंनी माझ्यातल्या गोळ्या काढून घेतल्या आणि मला रिकामा परत दिला.

परवा शेजारची ठमी आली. "जने, ती पांढरी गोळी दे गं, डोका दुखतो."

जनीने मला उघडून तिच्यापुढे धरलं. "यात आता काकडीचा बी हाय. चप्पल घाल, मी येते संगं मेडिकलात."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्यातल्या गोळ्या कशाच्या, ते आजच जवळच्या मेडिकलात जाऊन विचारा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.