फाटकातलं नामेले

प्रधानमंत्र्यांच्या निवासस्थानाच्या फाटकात सकाळी नामेलेची, त्या माडासारख्या मानाच्या झाडाची, दोन पानं एकमेकांवर आडवी पडलेली दिसली आणि पहाऱ्यावरचे पोलीस गपचूप बाजूला सरकले.

ती कोणी ठेवली, हे प्रधानमंत्र्यांच्या बायकोला, लेईसालेला, विचारावं लागलं नाही. फाटकाबाहेर तिचा थोरला भाऊ काल्तापू, तिच्या माहेरच्या गावाचा प्रमुख, माणसं घेऊन जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. कोणी घोषणा देत नव्हतं. म्हणजे ते सहजासहजी उठणार नव्हते.

नामेले ज्याने ठेवलं त्यानेच उचलायचं. तोवर आतला आत, बाहेरचा बाहेर. इथे राजधानीत, पोर्ट विलात, झिंगलेला माणूससुद्धा ते ओलांडत नाही. आणि नेमकं आजच, ऊन चढायच्या आत, तिच्या नवऱ्याला संसदेत पोचायचं होतं. अविश्वासाचा ठराव होता. विरोधकांनी आपले खासदार हॉटेलात कोंडून, खाऊपिऊ घालून जपले होते. सरकारनेही तेच केलं होतं, फक्त हॉटेल जरा स्वस्तातलं. दोन्हीकडची डोकी मोजून झाली होती आणि सगळं तिच्या नवऱ्याच्या, वीरातारीच्या, स्वतःच्या एका मतावर येऊन अडकलं होतं.

भावाचं चुकत नव्हतं, हीच तर तिची पंचाईत. बंगल्यामागच्या आवारात तिच्या गावाची जुनी थडगी होती. गोऱ्यांनी बंगला बांधला तेव्हा गावाला कोणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी वीरातारीने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की कधी त्या घरात गेलोच तर ती जागा तुम्हाला मोकळी करून देईन. तो त्या घरात गेला आणि परवा त्याच जागेवर पाहुण्यांच्या बंगल्यासाठी खुंट्या ठोकल्या गेल्या. तिने विचारलं तर "बघू" म्हणाला. राजकारण्यांच्या "बघू"चा अर्थ त्यांच्या बायकांना सगळ्यांत आधी कळतो.

वीरातारी टाय सारखा करत बाहेर आला आणि पानं बघून थबकला. उत्तरेकडच्या बेटावरचा माणूस. वाकड्या सुळ्यांची डुकरं मारून मानाच्या पायऱ्या चढलेला. त्या मानाचं नामेले त्याच्या गावच्या अंगणात उभं होतं. पानाची ताकद त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"तावी," त्याने मेहुण्याला आतूनच हाक मारली, "संध्याकाळी बसून बोलू. प्यायला कावा माझ्याकडून."

"संध्याकाळी तू असशील," काल्तापू म्हणाला. "प्रधानमंत्री असशील का? आत्ता बोल, सगळ्यांच्या देखत."

वीरातारीला ते झोंबलं. आज दारात अडवून शब्द घेतला, तर उद्या प्रत्येक गाव प्रत्येक कचेरीपुढे पानं टाकून बसेल, असं तो सचिवाला मोठ्याने म्हणाला. त्याने पोलीस अधिकाऱ्याला पानं उचलायला सांगितलं. अधिकाऱ्याने शिपायाला सांगितलं. शिपायाला तेवढ्यात बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

संसदेतून फोनवर फोन येत होते. सभापती बसले होते, दार लवकरच लागणार होतं. शेवटी ग्रॅहम नावाचा ऑस्ट्रेलियन सल्लागार वैतागून म्हणाला, की तुमच्यापैकी कोणाला चालत नसेल तर मी उचलतो, मला कसलं आलंय बंधन.

लेईसालेने नवऱ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. त्याने मान दुसरीकडे वळवली.

ग्रॅहमने पानं उचलून कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. बाहेरची माणसं जागची हलली नाहीत. काल्तापूने डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर यारिसने इंजिन बंद केलं, किल्ली टपावर ठेवली आणि तो गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला. वीरातारी स्वतः स्टिअरिंगवर बसला.

लेईसालेला नवऱ्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आज तो असा गेला, तर तिला माहेरच्या कुठल्या चुलीपाशी बसता येणार होतं? आणि रोज कुठल्या तोंडाने त्याला जेवायला वाढायचं होतं? ती चालत फाटकात गेली आणि पानं होती त्या जागी खाली बसली.

"गोऱ्याने पान काढलं," ती म्हणाली. "आता मला कोणाकडून काढवतोस ते बघते."

वीरातारीने इंजिन सुरू केलं. त्याने हॉर्न दिला नाही, खिडकीतून काही म्हटलंही नाही. गाडी पुढे आली. आणखी पुढे आली. इंजिनाची धग तिच्या चेहऱ्याला लागली. मागे काल्तापू तिला नावाने हाका मारत उठल्याचं तिने ऐकलं. तिला भीती वाटत होती, भयंकर भीती, पण उठावंसं वाटत नव्हतं.

गाडी थांबली. वीरातारी उतरला आणि त्याने फोन बंद करून खिशात टाकला. भिंतीवरची पानं दोन्ही हातांनी घेऊन ती त्याने पुन्हा फाटकात, तिच्या शेजारी, आधी होती तशीच आडवी ठेवली आणि त्यांच्या अलीकडे उभा राहिला.

"थडगी तुमची आहेत," तो काल्तापूला म्हणाला. "खुंट्या आजच निघतील, मी स्वतः काढीन. पानं गोऱ्याने उचलली, पण दोष माझा. त्याच्या दंडाचं डुक्कर मी देईन."

काल्तापूने आधी बहिणीला हात धरून बाजूला केलं. मग पुढे येऊन त्याने पानं उचलली आणि नुसतं "जा," म्हणाला.

यारिसने गाडी अशी पळवली की फाटकावर धुरळा उडाला. लेईसाले भावाशेजारी बसून राहिली. पहारेकऱ्याच्या रेडिओवर सगळं ऐकू येत होतं. वीरातारी पोचण्याआधीच दार लागलं होतं. मतं मोजली गेली. सरकार एका मताने पडलं. बाहेर बसलेल्यांपैकी कोणालाही आनंद झाला नाही.

"आता नवा येईल," लेईसाले म्हणाली. "तो पुन्हा खुंट्या ठोकेल."

"ठोकू दे. आपल्याकडे नामेलेची झाडं काही संपलेली नाहीत."

वीरातारी परत आला तो पायीच, टाय खिशात कोंबून. गाडी सरकारजमा झाली होती. फाटकाशी थांबून त्याने काल्तापूला विचारलं, आत येऊ का. काल्तापूने मान डोलावली आणि, तूही ये मागून, असं म्हणून खुंट्या उपटायला माणसं घेऊन तो बंगल्यामागे गेला. फाटकात दोघंच उरली.

लेईसालेला त्याची कीव येत होती. आपल्यामुळे त्याचं सगळं गेलं, हेही मनाला खात होतं. तरी तिने विचारलंच.

"मी बसले होते, तरी गाडी पुढे का आणलीस?"

तो खोटं बोलू शकला असता. त्याचा धंदाच तो होता.

"वाटलं, तू उठशील."

"मी उठले नसते."

"ते तोंडावरून कळलं," वीरातारी म्हणाला, "तेव्हा ब्रेक दाबला. त्याच्या आधी नाही."