खुर्ची रिकामी

कुणी म्हणजे कुणीही तिचं खरं धरलं नाही. साहेब हसले, नवरा म्हणाला डोळे तपासून घे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने कॉम्प्युटरात काही वेगळं पाहिलं, हेच कुणाला मानवेना. फटकळ तोंडामुळे ऑफिसात तिला तोफ म्हणत. साहेबांनी कॉम्प्युटरातही तेच नाव घातलं होतं.

काम सोपं होतं. परक्या घरांतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले खोल्यांचे फोटो समोर येत. माणूस दिसला तर 'आहे' दाबायचं, नाहीतर 'रिकामी', म्हणजे यंत्र माणूस ओळखायला शिकतं. एकच फोटो तिघींकडे जाई, दोघी म्हणतील ते खरं, तिसरीची चूक. महिन्यात दहा चुका झाल्या की घरी. बातम्यांत रोज ओरडत होते की यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार, आणि इथे आठ बायका सकाळी नऊपासून त्याच यंत्राला घास भरवत बसलेल्या.

एका मंगळवारी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून तिची धाकटी जाऊ उभी दिसली. अंगात तोच विटका हिरवा स्वेटर. जाऊ तर शेजारच्याच खुर्चीत काम करत होती.

"ही तूच ना गं?"

जाऊ वाकून बघत राहिली. "मीच की. पण मी कधी गेले होते तिथे, जाऊबाई?"

तिने 'आहे' दाबलं. बाकी दोघींनी 'रिकामी'. पहिली चूक.

मग जाऊ कुणाच्या जिन्यात दिसली, कुणाच्या गॅलरीत दिसली, आणि दर वेळी तिचं एकटीचं 'आहे' हरत गेलं. साहेब चहाचे सातच कप मागवू लागले. घरी दिराने जेवताना बायकोचं ताट घेतलं नाही, तिने झापलं तर म्हणाला, "कुणाचं ताट, वहिनी?" जाऊ दारातच उभी होती.

"तुम्ही तेवढं म्हणत राहा, मी आहे म्हणून," जाऊ हळूच म्हणाली. "तुमच्या तोंडाला सगळे भितात."

नऊ चुका झाल्या. साहेब म्हणाले, "आता एक जरी चुकली तर उद्या येऊ नका, बाई. पोरगी अजून शिकतेय ना तुमची?"

शुक्रवारी दुपारी फोटो आला तो त्यांच्याच ऑफिसातला, जाऊच्या खुर्चीचा. खुर्चीत जाऊ बसलेली, थेट कॅमेऱ्यात बघत. बाकीच्या दोघी 'रिकामी'च म्हणणार, मग आपण एकटीनेच कशाला मरायचं, असं तिने मनाला बजावलं. शेजारून जाऊ टक लावून बघत होती, हे न वळताही तिला कळत होतं. तिने 'रिकामी' दाबलं.

मान वळवली तेव्हा खुर्चीची दबलेली गादी अजून हळूहळू वर येत होती.

तिने ऑफिस डोक्यावर घेतलं. "माझ्या जावेला घालवलं कुणी? नाव सांगा, झिंज्या उपटते तिच्या."

साहेबांनी कंटाळून तो फोटो उघडला. "कुठली जाऊ, ते तुम्हालाच ठाऊक. हे बघा, एक मत 'आहे'. तुमच्या शेजारच्या कॉम्प्युटरवरून आलंय, नावाची जागा कोरी दिसतेय. एक 'रिकामी', ते कोपऱ्यातल्या चष्मेवालीचं. म्हणजे निकाल लागला तिसऱ्या मताने."

"मग वाचा ना तिसरं."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दोनच अक्षरं होती.

तोफ.